नितळ पाण्यातलं पीस

सातारा-सांगलीच्या धरणांवर हिवाळ्यात फ्लायने मासा धरायचा असेल, तर दोराच्या टोकाला कोणती फ्लाय बांधायची? ही पुस्तिका एवढ्या एकाच प्रश्नाभोवती फिरते. प्रश्न लहान आहे, पण त्याचं उत्तर शोधायला निघालं की धरणाचा तळ, पाण्याचा रंग, रब्बीची आवर्तनं, अळकूट या लहान माशांची वाढ आणि पाण्याखाली गेलेल्या गावांचे बांध हे सगळं वाटेत येतं. मला त्या वाटेचीच ओढ जास्त आहे. म्हणून पुढच्या प्रकरणांतली मापं आणि बांधण्याच्या कृती हाती घेण्याआधी वाचकाने ही प्रस्तावना सावकाश वाचावी, अशी विनंती आहे.

गळ टाकणारी माणसं आपल्याकडे नदीकाठच्या गावोगावी आहेत. गांडूळ, कणकेचा गोळा, कोंबडीची आतडी असं काहीतरी गळाला लावतात आणि थांबतात. या आमिषाला वास असतो, चव असते, मासा ते शोधत येतो. फ्लायकडे यातलं काहीच नाही. गळाच्या दांडीवर पिसं, केस, लोकर दोऱ्याने आवळून बांधली की फ्लाय तयार होते. ती इतकी हलकी असते की नुसती भिरकावली तर हातभर अंतरावर पडते. म्हणून या मासेमारीत वजन दोराला दिलेलं असतं. जाड दोर हवेत मागे-पुढे खेळवायचा आणि त्याच्या ओढीने फ्लाय पाण्यावर न्यायची. पाण्यात पडल्यावर तिची मदार आकार, चाल आणि खोली यांच्यावरच असते. माशाने तिला डोळ्यांनी पाहून खाद्य समजावं लागतं, आणि तेही तोंडात घेण्याआधी. तोंडात गेल्यावर खोटेपणा कळतो आणि तो क्षणात थुंकून टाकतो. त्यामुळे गांडूळ लावणाऱ्याला जो प्रश्न फारसा पडत नाही, तो फ्लाय बांधणाऱ्यापुढे रोज उभा राहतो: आज, या पाण्यात, या खोलीवर मासा काय खातो आहे?

या प्रश्नाची उत्तरं इंग्रजी पुस्तकांत भरपूर सापडतात, आणि आपल्याकडचा नवा माणूस तिथूनच सुरुवात करतो. त्यात हिवाळ्यातल्या तळ्यांवरचं बरंचसं लेखन अमेरिकेतल्या स्ट्राइप्ड बास या माशाविषयी आहे. हा मुळात समुद्रातला मासा, अंडी घालायला नदीत शिरणारा. दक्षिण कॅरोलिनात सॅन्टी आणि कूपर नद्यांवर 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला धरणं झाली, काही बास वरच्या बाजूला अडकले, आणि समुद्राशी संबंध तुटूनही ते तिथे टिकले, वाढले, वरच्या नद्यांत अंडी घालू लागले. त्यानंतर अमेरिकेतल्या कितीतरी धरणांत हा मासा मुद्दाम सोडला गेला. तिथे तो शॅड नावाच्या चांदीसारख्या लहान माशांच्या थव्यांवर जगतो. कडाक्याच्या थंडीत त्यातली एक जात गारठून मरू लागते, मेलेले-अर्धमेले शॅड गिरक्या घेत खाली जातात आणि बास खाली थांबून ते टिपतात. म्हणून तिथला जाणता माणूस सांगतो की हिवाळ्यात पांढरी, सडपातळ फ्लाय घ्या, ती खोल बुडू द्या, हळू ओढा आणि मध्ये मध्ये थांबा, थांबल्यावरच मासा घेईल.

सल्ला उत्तम आहे, आणि त्यामागचं निरीक्षण तर फारच उत्तम. पण तो जसाच्या तसा कोयनेच्या काठी तापोळ्याला किंवा धोम धरणावर आणला की गोंधळ होतो. आपल्या हिवाळ्यात पहाटे काठावर हात बधिर होतात, महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात दवाचे हिमकण झाल्याच्या बातम्या येतात, हे खरं. पाणी मात्र तितकं गार होत नाही. डिसेंबर-जानेवारीतही धरणाचं पाणी माशाला गारठवून टाकेल इतकं थंड कधीच होत नाही. आपल्याकडे थंडीने अळकुटं मरत नाहीत आणि मोठा मासा उपासही धरत नाही. आपला हिवाळा वेगळ्याच दोन गोष्टींनी ठरतो. एक, पाणी नितळ होतं. दोन, पाणी उतरू लागतं. या पुस्तिकेतली प्रत्येक फ्लाय या दोन गोष्टींवरून निवडली आहे. थर्मामीटर पाहून निवडलेली त्यात एकही नाही.

आधी नितळपणा. पावसाळ्यात सह्याद्रीचा उतार धुऊन लाल माती धरणात येते. जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेचं, वारणेचं, उरमोडीचं पाणी चहासारखं दिसतं. त्या पाण्यात माशाला वीतभर अंतरावरचंही धड दिसत नाही, तो पाण्याची थरथर ओळखून हल्ला करतो. तेव्हा फ्लाय मोठी, काळपट आणि पाणी ढवळणारी लागते. ऑक्टोबरपासून गाळ बसू लागतो. नोव्हेंबर संपेपर्यंत धोमच्या काठावर उभं राहिलं की दोन पुरुष खोलीवरचे दगड दिसू लागतात. मग मासाही दुरून पाहू लागतो, आणि दुरून पाहणारा मासा चिकित्सक होतो. पावसाळ्यात चाललेली जाडजूड फ्लाय त्याच्यासमोरून गेली तर तो तिच्या मागे चार हात येतो, पाहतो आणि वळतो. हे मागे येऊन वळणं पाहिलं की पहिली गोष्ट करायची ती म्हणजे कात्री काढून फ्लायचे निम्मे केस कापून टाकायचे. विरळ फ्लाय पाण्यात जिवंत दिसते. तिच्यातून उजेड आरपार जातो, तसा तो लहान माशाच्या अंगातूनही जातो. केस जास्त झाले की तिचा ठोकळा होतो.

नितळ पाण्याची दुसरी बाजू उजेडाची आहे. पाण्यात खाली जाताना सगळ्यात आधी लाल रंग विझतो. काही मीटर खाली लाल पीस काळपटच दिसतं. दुकानात लालभडक गळपट्टा बांधलेल्या फ्लाय हातोहात खपतात, कारण त्या माणसाच्या डोळ्यांत भरतात. वरच्या हातभर पाण्यात त्याचा उपयोग होतो, पंधरा फुटांवर होत नाही. पांढरा, पोपटी-पिवळा आणि राखाडी-हिरवा हे रंग खोलवर त्यामानाने टिकतात, म्हणून हिवाळ्याच्या पेटीत तेच जास्त ठेवावेत.

हिवाळ्यात आणखी एक घडतं, ते काठावरून दिसत नाही. उन्हाळ्यात खोल धरणाचं पाणी थरांत विभागतं. वर ऊन पाणी, खाली गार पाणी, आणि तळाच्या थरात प्राणवायू कमी पडतो. थंडीत वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली उतरतं, आणि थर मोडून पाणी एकजीव होतं. तळापर्यंत प्राणवायू पोचतो. त्यामुळे जो मासा मे महिन्यात वरच्या थरात अडकलेला होता, तो जानेवारीत कुठेही असू शकतो. फ्लाय किती खोल न्यायची हा प्रश्न म्हणूनच हिवाळ्यात सगळ्यात कठीण होतो. त्याचं उत्तर मोजण्यात आहे. वेगाने बुडणारा दोर सेकंदाला साधारण सहा इंच खाली जातो. दोर पाण्यावर पडला की मनात आकडे मोजायचे. वीस म्हटल्यावर ओढायला लागलं की फ्लाय दहा फुटांच्या आसपास असते. पुढच्या वेळी तीस मोजायचे, त्यापुढे चाळीस. ज्या आकड्याला मासा लागला तो आकडा लक्षात ठेवायचा, कारण त्या सकाळी बाकीचे मासेही बहुधा त्याच खोलीवर असतात. फ्लाय बदलण्याआधी खोली बदलून पाहावी, असं माझं ठाम मत आहे. पेटीतल्या सगळ्या फ्लाय चुकीच्या खोलीवर बुडवून झाल्या की माणूस मासाच नाही म्हणून घरी जातो, आणि मासा मात्र त्याच्या फ्लायखाली पाच फुटांवर असतो.

आता पाण्याची उतरती पातळी. पावसाळ्यात आपल्याकडची वर्तमानपत्रं रोज धरणसाठ्याचा तक्ता छापतात आणि कोयनेचे 105 टीएमसी भरणार की नाही याची चर्चा पारावर होते. वारणा 34, धोम साडेतेरा, कण्हेर दहा, हे आकडे शेतकऱ्याला पाठ असतात. ऑक्टोबर सरला की ही चर्चा थांबते. फ्लायवाल्याने मात्र खरं लक्ष तेव्हापासून द्यावं. रब्बीची आवर्तनं सुटू लागतात. कोयनेचं पाणी तर दोन दिशांना जातं, वीज करून पश्चिमेला कोकणात आणि सिंचनासाठी पूर्वेला. काठ दर आठवड्याला मागे सरकतो. उघड्या पडलेल्या ओल्या गाळात लोक गाळपेर करतात, हरभरा-गहू पेरतात. जे प्राणी त्या उथळ काठाला होते त्यांना पाण्याबरोबर मागे सरकावं लागतं. नदीतली बारीक कोळंबी, चतुरांच्या पाण्यात वाढणाऱ्या अळ्या, लहान खेकडे यांची काठाच्या दगडांत आणि जुन्या बांधांच्या कपारीत गर्दी होते. पातळी वेगाने उतरत असेल तर मोठा मासा काठापासून जरा दूर, पहिल्या उताराच्या तोंडाशी थांबतो. आवर्तन बंद होऊन पातळी स्थिर राहिली की तो काठाशी येऊ लागतो. म्हणजे काठाशी तपकिरी कोळंबीची फ्लाय टाकायची की उतारावर पांढऱ्या अळकुटाची, हे कालव्याचं दार उघडं आहे की बंद यावरही ठरतं. पाटकऱ्याशी ओळख असणं या कामी फार उपयोगी पडतं.

उतार म्हटलं की तळाचा विषय येतो, आणि तिथे मला थांबावंसं वाटतं. आपली धरणं रिकाम्या दऱ्यांत झालेली नाहीत. कोयनेचं धरण 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात उभं राहिलं आणि शिवसागर जलाशयाच्या पोटात गावं, शिवारं, देवळं, ओढ्यांचे उतार, आमराया गेल्या. तिथली माणसं ठाणे-रायगडपासून सांगली-सोलापूरपर्यंत विखुरली गेली. धोम, कण्हेर, वारणा, उरमोडी या सगळ्यांची कथा थोड्याफार फरकाने तीच आहे. धरणाचा तळ म्हणजे अजूनही ताली घातलेली वावरं, दगडी पायठणं, विहिरींचे काठ आणि झाडांचे बुंधे. लहान मासा या आडोशाला राहतो आणि मोठा मासा त्याच्या वासावर. आज खोली दाखवणारी यंत्रं मिळतात, पण तळाचा खरा नकाशा धरणग्रस्त कुटुंबांतल्या वृद्धांच्या डोक्यात आहे. कुठल्या चौथऱ्यावरून ओढा वळत होता, कुठल्या शिवारात ताल सर्वांत उंच होती, कुठे उंबर होता, हे ते बोटाने दाखवतात. त्यांच्याकडे मासेमारीच्या निमित्ताने जावं आणि ऐकावं. पण ते ज्याविषयी बोलत आहेत ते त्यांचं घर आहे, याचं भान ठेवावं. त्यांनी दाखवलेल्या जागेवर मासा मिळाला तर त्यांना जाऊन सांगावं. मला भेटलेल्या माणसांना ते ऐकायला आवडलं आहे.

अशा तळावर फ्लाय अडकते, तुटते. त्यावरचा उपाय अमेरिकेतूनच आला आहे. पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीवर वाटाड्याचं काम करणाऱ्या बॉब क्लाउझरने 1980 च्या दशकात गळाच्या दांडीच्या वरच्या अंगाला डंबेलसारखे जड डोळे बांधले. त्या वजनाने फ्लाय पाण्यात उलटी होते आणि गळाचं टोक वर राहतं. तळाशी घासत गेली तरी ती बुंध्यात सहज रुतत नाही. शिवाय ओढ थांबवली की तोंड खाली करून डुबकी मारते, पुन्हा ओढली की उठते. ही चाल घाबरलेल्या लहान माशाची आहे. लेफ्टी क्रे या मेरिलँडच्या प्रसिद्ध गळकऱ्याची डिसीव्हर ही त्याहून जुनी फ्लाय. तिची पिसं गळाच्या शेपटाकडे बांधलेली असतात, म्हणून फेकताना ती गळाभोवती गुरफटत नाहीत. या दोन्ही बांधणींवर स्ट्राइप्ड बासचं अर्धं जग चालतं. आपल्या अळकुटाच्या फ्लायसाठी मी क्लाउझरची बांधणी घेतली आणि डिसीव्हरची सडपातळ ठेवण ठेवली. डोळ्यांसाठी शिसं वापरू नये, ते पाण्यात राहून पक्ष्यांच्या पोटात जातं. किल्लीच्या साखळीचे स्टीलचे किंवा पितळी मणी दोन-दोन तोडून घेतले की काम होतं.

अळकूट हा आपल्या नद्या-धरणांतला चांदीसारखा, चपटा, बोटाएवढा मासा. पावसाळ्यात जन्मलेली त्याची पिल्लं डिसेंबरपर्यंत दोन इंचांच्या आसपास होतात आणि थव्याने फिरतात. 1820 च्या दशकात पुण्यात राहून दख्खनचे मासे अभ्यासणाऱ्या विल्यम सायक्सने हा मासा शास्त्रात नोंदवला, आणि नोंदवताना इथल्या कोळ्या-भोयांच्या तोंडचं नावच त्याला दिलं. शिंगाळा, कोळस, नुकटा यांच्या शास्त्रीय नावांतही तीच मराठी बोली आहे. हिवाळ्यात धरणावर नदी सुरय हा पक्षी पाण्यावरून घिरट्या घालत एकाच जागी सूर मारत असेल, तर तिथे अळकुटांचा थवा वर आलेला असतो. पाणकावळे ओळीने डुबक्या घेत असतील तर थवा खोल आहे. अमेरिकेतला बासवाला कुरव पक्षी पाहतो, आपण सुरय पाहायचा.

या अळकुटांवर, आणि खेकड्या-कोळंबीवर, जगणारा आपला मोठा मासा म्हणजे महसीर. भागाभागात त्याला खडची वगैरे नावं आहेत. कृष्णा-कोयनेच्या वरच्या खोऱ्यातला हा दख्खनी महसीर, निळसर परांचा, मोठ्या खवल्यांचा. सायक्सनेच 1839 मध्ये त्याचं वर्णन केलं. तो सर्वभक्षी आहे. पाण्यावर झुकलेल्या उंबराची फळं टपकू लागली की तो झाडाखाली येऊन उभा राहतो. त्याच्या घशात दातांच्या ओळी असतात आणि जबड्याची पकड इतकी जबर की कच्चा गळ सपाट होतो. एच. एस. थॉमसने 1873 मध्ये आपल्या ‘द रॉड इन इंडिया’ या पुस्तकात महसीरच्या मासेमारीविषयी सविस्तर लिहिलं, आणि पुढे इंग्रज शिकाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या त्या वाटेने गेल्या. त्यांचं लक्ष नदीतल्या वाहत्या पाण्यावर होतं. धरणं नंतर झाली. वाहत्या पाण्यात फ्लायला चाल प्रवाह देतो, धरणाच्या थांबलेल्या पाण्यात ती हाताने द्यावी लागते. ही फार मोठी तफावत आहे, आणि नदीवर शिकलेला माणूस धरणावर पहिल्यांदा आला की नेमका इथेच अडतो. ओढ एकसारखी नसावी. दोन छोट्या ओढी, मग थांबा, मग एक लांब ओढ. महसीर बहुधा थांबल्यावर, फ्लाय खाली जात असताना घेतो, आणि दोर फक्त जरासा ताठ होतो. डोळे दोरावर हवेत.

बांधण्याच्या साहित्यासाठी परदेशी पाकिटांची गरज नाही, हे मी आग्रहाने सांगेन. फ्लायचं सगळ्यात जुनं वर्णन रोमन लेखक एलियनने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी केलं आहे. मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याच्या मानेची दोन पिसं बांधत. लोकर आणि कोंबडा, दोन्ही आपल्या दारात आहेत. माण-खटाव-आटपाडी-जतच्या धनगरांकडे मेंढ्यांची काळी-पांढरी लोकर असते, घोंगडीसाठी कातरलेली. तिचा चिमूटभर पुंजका कोळंबीच्या अंगासाठी उत्तम, कारण ती पाणी पिऊन चटकन बुडते. गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं खाटकाकडे मिळतात. इंग्रजी कृतींत हरणाच्या शेपटीचे केस सांगितलेले असतात. ते आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वर्ज्य आहेत आणि कुणी देऊ केले तरी घेऊ नयेत. बोकडाचे पांढरे लांब केस तेच काम करतात, किंबहुना पाण्यात जास्त मऊ हलतात. त्यांना रंग द्यायला सांगलीची हळद आहे. हळदीच्या पाण्यात उकळले की केस पिवळे होतात. त्याच पाण्यात हिरड्याचा काढा आणि गंजका खिळा टाकला की रंग दबतो आणि खाकी-हिरवट छटा येते, अगदी अळकुटाच्या पाठीसारखी. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून पेटी बंद ठेवावी. चमक हवी असेल तर जुन्या साडीच्या काठातली जर दोन-तीन धागे पुरते. नितळ पाण्यात त्याहून जास्त चमक माशाला बिचकवते. मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत पितळी तारेचे तुकडे मिळतात. तंबोऱ्याची तार बारीक गळाला जाड पडते, पण मोठ्या फ्लायच्या अंगाभोवती चार वेढे दिले की वजनही येतं आणि खेकड्याच्या पाठीचे वळेही दिसतात.

उंबराच्या फळाची फ्लाय हा माझा लाडका विषय आहे, पण तिला हिवाळ्यात जागा थोडी. काठाला उंबर असेल आणि खाली पाण्यात वलयं उठत असतील तरच ती बांधावी. मरळीसाठी बेडकाची फ्लाय तर फेब्रुवारी संपेपर्यंत पेटीतच राहू द्यावी. चिलापीला काहीही चालतं, आणि शिकणाऱ्या मुलांनी तिच्यावरच हात बसवावा. चिलापी बाहेरून आलेला मासा आहे, ती घरी नेऊन खाल्ली तर पाण्याचं काही बिघडत नाही.

महसीरची गोष्ट वेगळी आहे. तो सोडायचा. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करूनच फ्लाय बांधायची, हात ओले करून मासा पाण्यातच धरायचा आणि त्याच्या पोटाखालचा हात त्याने स्वतः झटकेपर्यंत तसाच ठेवायचा. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून या माशाची पिल्लं तयार केली जातात, देशभर पाठवली जातात, आणि आज जागतिक यादीत दख्खनी महसीर धोक्याबाहेर धरला जातो. पण त्याच पिल्लांपैकी काही कावेरीत सोडली गेली आणि तिथला मूळचा कुबडा महसीर मागे पडत जाऊन आज नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहे. मासा वाचवायचा म्हणून तो कुठेही सोडणं हे वाचवणं नव्हे. जी नदी त्याची आहे तिथेच तो टिकायला हवा. आपली कृष्णा त्याची आहे, आणि सांगलीजवळ तिच्यात मेलेल्या माशांचे थर तरंगलेले आपण पाहिले आहेत. कारखान्यांचं सांडपाणी आणि शहरांचं मैलापाणी रोखल्याशिवाय फ्लायच्या पुस्तिकेला अर्थ उरणार नाही. पुराणकाळापासून देवाच्या नावाने डोहातले मासे राखणारी माणसं आपल्याकडे आहेत. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीला वरदायिनीच्या डोहात आजही महसीर निर्भयपणे हाताजवळ येतात. तिथे गळ टाकण्याचा विचारही कुणी करत नाही, आणि मासा नुसता पाहायचा असेल तर त्याहून चांगली जागा मला माहीत नाही.

शेवटी कुठे जायचं आणि कुठे नाही. चांदोलीचा वसंतसागर, म्हणजे वारणेचा जलाशय, राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे आणि शिवसागराचा मोठा भाग कोयना अभयारण्याच्या कुशीत. दोन्ही सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहेत, तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय गळ घेऊन पाऊल टाकू नये. वासोटा किल्ल्याला जाणाऱ्या होडीत बसून गळाची काठी काढणं हाही गुन्हाच समजावा. इतर धरणांवर मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांना आधी विचारावं, त्यांची जाळी लावलेली असतात तिथून दूर राहावं, आणि धरणाच्या भिंतीजवळ तर जाऊच नये. भिलवडी-औदुंबरच्या बाजूला कृष्णेत मगरी आहेत आणि थंडीत त्या उन्हं खायला काठावर येतात, तेव्हा त्या पट्ट्यात मांडीभर पाण्यात उभं राहून दोर फेकण्याचा मोह आवरावा. नव्या माणसाने धोम किंवा कण्हेरपासून सुरुवात करावी. सकाळी नऊनंतर, ऊन काठाच्या खडकांवर पडल्यावर, दोन इंची अळकूट बांधून वीस आकडे मोजावेत. पहिलं प्रकरण या फ्लायच्या गळाच्या मापापासून सुरू होतं.